डबल क्लच शिकल्यानंतरची यादी

गिअर हाताने बदलावा लागणाऱ्या ज्या गाड्या मी आजवर चालवल्या, त्यांपैकी आवडत्या कोणत्या, असा प्रश्न आला की मला दोन वेगवेगळ्या याद्या द्याव्या लागतात. पहिली यादी सिंक्रोमेश (गिअर टाकताना आतल्या गिअरचक्रांचे वेग आपोआप जुळवणारी सोय) नसलेला ट्रक डबल क्लच मारून, म्हणजे एका गिअरबदलात क्लच दोनदा दाबून, चालवायला शिकण्यापूर्वीची आहे आणि दुसरी त्यानंतरची. पहिल्या यादीचा निकष सोपा होता: क्लच हलका असावा, गिअर दोन बोटांनी पडावा आणि चालवणाऱ्याला त्याचा विचारही करावा लागू नये. दुसऱ्या यादीत नेमक्या उलट स्वभावाच्या गाड्या वर चढल्या. हे कसे घडले, ट्रकवर शिकताना कोणकोणत्या पायऱ्या आल्या आणि त्या शिक्षणानंतर इतर गाड्याही हाताला निराळ्या का वाटू लागल्या, ते येथे लिहीत आहे. स्वयंचलित गिअरच्या विरोधात मला काही म्हणायचे नाही. थांबत-थांबत सरकणाऱ्या गर्दीत तो डाव्या पायावर उपकारच करतो.

माझे पहिले शिकणे मारुती ८०० वर झाले. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, चार गिअर, पुढच्या चाकांना मिळणारी ओढ आणि साडेसहाशे किलोच्या आसपास वजन एवढाच तिचा संसार होता. शिकवणाऱ्याने सुरुवातीला अ‍ॅक्सिलरेटरला पायच लावू दिला नाही. सपाट जागेवर पहिला गिअर टाकायचा, क्लच इतका हळू सोडायचा की इंजिनाचा आवाज किंचित जड होतो ती जागा पायाला सापडावी, तेथे थांबायचे, गाडी स्वतःहून सरकू लागली की पुन्हा क्लच दाबायचा. ही कसरत कंटाळा येईपर्यंत करून घेतली गेली आणि क्लच धरतो ती जागा डोक्याऐवजी तळपायात बसली. त्या गाडीचा क्लच केबलचा होता, त्यामुळे क्लचप्लेट घासू लागली की त्याची बारीक थरथर पेडलपर्यंत पोहोचत असे. पुढे हायड्रॉलिक क्लचच्या अनेक गाड्या चालवल्या. त्यांचे पेडल मऊ असते, परंतु तेलाच्या नळीतून ती थरथर फारशी येत नाही, आणि काही गाड्यांत तर क्लच झटक्यात सुटू नये म्हणून त्या नळीत मुद्दाम अडथळा ठेवलेला असतो. नवशिक्याला त्याने धक्के कमी बसतात हे खरे, पण पायाला मिळणारी माहितीही तेवढीच कमी होते.

दुसरा टप्पा अ‍ॅम्बेसेडरचा. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवर बेतलेल्या या गाडीच्या जुन्या रूपात गिअरचा दांडा जमिनीवर नसून स्टिअरिंगच्या खांबावर असे. त्यामुळे पुढचे आसन सलग बाकासारखे ठेवता येई आणि तेथे तिघे बसू शकत. जमिनीवरच्या दांड्याला सरावलेल्या हाताला तेथे सगळा नकाशा उभा करून वाचावा लागतो. दांडा आपल्याकडे ओढला किंवा पलीकडे ढकलला की गिअरची जोडी निवडली जाते आणि वर किंवा खाली नेला की त्या जोडीतला एक गिअर पडतो. दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत सळ्या आणि सांधे यांची लांब साखळी असल्यामुळे हालचालीत घाई चालत नाही; हात एका दमात कोपऱ्यातून नेण्याऐवजी न्यूट्रलमध्ये किंचित थांबवून न्यावा लागतो. शिवाय पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसल्याने गाडी जवळपास उभी राहिल्याखेरीज तो गिअर टाकण्यात अर्थ नव्हता. न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबण्याची ही सवय मला पुढे ट्रकवर फारच उपयोगी पडली, मात्र त्या वेळी मी तिला जुन्या गाडीची खोड एवढेच समजत होतो.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपवर हात बसवण्याची संधी मला एका संग्राहकाच्या आवारात मिळाली आणि तेथे एकाऐवजी तीन दांडे समोर आले. एक मुख्य गिअरचा, दुसरा पुढच्या अ‍ॅक्सलला जोडणारा आणि तिसरा ट्रान्सफर केसमधला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वाटणाऱ्या पेटीतला, वेगवान किंवा संथ पल्ला निवडणारा. गिअर तीनच, त्यांतल्या दुसऱ्या व तिसऱ्याला सिंक्रोमेश, पहिल्याला नाही. ही गाडी आवडण्याचे कारण आकड्यांत सांगता येते. पहिल्या गिअरचे प्रमाण २.६६५, संथ पल्ल्याचे १.९७ आणि अ‍ॅक्सलचे ४.८८, तिन्हींचा गुणाकार साडेपंचवीसच्या थोडा वर जातो. म्हणजे इंजिन मिनिटाला १,००० फेऱ्या करत असताना चाक जेमतेम ३९ फेऱ्या करते, आणि त्या चाकाच्या आकारमानाने गाडी ताशी पाच किलोमीटरच्या आसपास, माणसाच्या चालीने पुढे जाते. दगडांच्या चढावर मी अ‍ॅक्सिलरेटर, क्लच आणि ब्रेक या तिन्हींवरून पाय काढून घेतले आणि ६० अश्वशक्तीचे ते इंजिन न कुरकुरता गाडीला वर घेऊन गेले. ताकद म्हणजे वेग हा समज त्या चढावर सुटला. गिअरबॉक्स ताकद निर्माण करत नाही, ती वेग देऊन जोर विकत घेते, हे मी पाठ्यपुस्तकात वाचले होते. आसनाखाली ते पहिल्यांदा जाणवले.

आता ट्रकविषयी. तो मध्यम वजनाचा, जुन्या बांधणीचा, पाच पुढचे गिअर असलेला आणि एकाही गिअरला सिंक्रोमेश नसलेला ट्रक होता. शिकवणारे गृहस्थ आयुष्यभर मालवाहतूक केलेले, सगळे त्यांना मामा म्हणत आणि मीही मामाच म्हणू लागलो. त्यांनी पहिल्या दिवशी इंजिन सुरूच केले नाही. बंद ट्रकमध्ये बसून डोळे समोर ठेवत दांडा प्रत्येक जागी नेऊन आणायला लावला. ट्रकचा दांडा लांब, त्याची फेक, म्हणजे गिअर टाकताना तो सरकतो ते अंतर, मोटारीच्या दुप्पट-तिप्पट, आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मध्ये जो आडवा भाग येतो तो हाताने ओळखल्याशिवाय पुढे काही शिकण्यात अर्थ नाही, असे त्यांचे मत. मग इंजिन सुरू करून, सपाट जागेवर रिकामा ट्रक दुसऱ्या गिअरमध्ये उचलायला सांगितले. पहिला गिअर भरलेल्या ट्रकसाठी आणि चढासाठी. रिकाम्या ट्रकला तो इतका संथ पडतो की बदलण्याची वेळ ट्रक हलताक्षणीच येते.

माझ्या मनातली पहिली शंका कोणत्याही मोटार चालवणाऱ्याच्या मनात येईल अशीच होती. "मामा, क्लच तर तळाला दाबलाय. मग गिअर का खरखरतो?" मी विचारले.

"क्लचनं इंजिन सोडवलंस," ते म्हणाले. "पेटीतली चाकं फिरतायतच की. त्यांना तू काही सांगितलंस का?"

पुढचे सगळे शिक्षण या उत्तराचा विस्तार होता, म्हणून त्यामागची रचना थोडी सविस्तर सांगतो. गिअरबॉक्समध्ये इंजिनाकडून येणारा एक शाफ्ट असतो. क्लच दाबलेला नसताना तो इंजिनाच्या वेगाने फिरतो आणि त्याच्याशी कायम दात जुळलेला दुसरा, लेशाफ्ट नावाचा शाफ्टही फिरत राहतो. चाकांकडे जाणारा मुख्य शाफ्ट मात्र गाडीच्या वेगाशी बांधलेला असतो. कॉन्स्टंट मेश प्रकारात सगळ्या गिअरचक्रांचे दात एकमेकांत कायम अडकलेले असतात, पण मुख्य शाफ्टवरची चक्रे त्यावर मोकळी फिरतात. दांडा हलवला की एक दातेरी बाही सरकून त्यांपैकी एका चक्राला शाफ्टशी पक्की जोडते. बाही आणि चक्र यांचे वेग जुळले असतील तर ही जोडणी निमूट होते; जुळले नसतील तर दात दातांवर घासतात आणि तो परिचित, अंगावर काटा आणणारा आवाज येतो. क्लच दाबल्याने इंजिन वेगळे होते एवढेच. लेशाफ्ट आणि त्यावरची जड चक्रे आपल्याच जडत्वाने फिरत राहतात, आणि ट्रकमध्ये ती इतकी जड असतात की नुसते दांडा दाबून धरल्याने त्यांचा वेग बदलत नाही.

मोटारीत हे काम सिंक्रोमेश करतो. बाही सरकताना आधी पितळेसारख्या धातूचे शंकूच्या आकाराचे एक कडे चक्राच्या शंकूवर घासते, त्या घर्षणाने दोघांचे वेग सारखे होतात आणि मगच दात आत शिरतात. कॅडिलॅकने ही सोय १९२८ साली बाजारात आणली आणि तिच्यामागचा अभियंता होता अर्ल थॉम्पसन. त्याच थॉम्पसनच्या पुढाकाराने जनरल मोटर्समध्ये हायड्रामॅटिक हा पूर्ण स्वयंचलित गिअर घडला आणि १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत आला. ज्याने हाताचा गिअर सर्वांना जमेल इतका सोपा केला, त्यानेच पुढे तो अनावश्यक करून दाखवला, याची मला नेहमी गंमत वाटते. सगळ्याच उत्पादकांनी सगळ्याच गिअरना सिंक्रोमेश लगेच दिला असेही नाही. लँड रोव्हरच्या जुन्या मालिकांत तो फक्त तिसऱ्या व चौथ्या गिअरला असे आणि चारही गिअरना तो १९७१ साली आलेल्या तिसऱ्या मालिकेत मिळाला.

ज्या ट्रकमध्ये ते कडे नाही, तेथे कड्याचे काम चालवणाऱ्याने करायचे असते आणि त्याचीच रीत म्हणजे डबल क्लच. वरचा गिअर टाकताना क्लच दाबायचा, दांडा न्यूट्रलमध्ये आणायचा आणि क्लच सोडायचा. क्लच सोडल्याबरोबर इंजिन आणि लेशाफ्ट पुन्हा एक होतात. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला असल्याने इंजिनाच्या फेऱ्या उतरू लागतात आणि लेशाफ्टलाही आपल्याबरोबर खाली घेऊन येतात. योग्य वेगाला आले की क्लच पुन्हा दाबून दांडा पुढच्या गिअरमध्ये न्यायचा. सगळा प्रश्न त्या 'योग्य वेगा'चा आहे. मामांनी त्यासाठी फेऱ्यांचा काटा पाहू दिला नाही, कारण रस्त्यावरची नजर काढून काट्याकडे बघणारा ड्रायव्हर त्यांना मान्यच नव्हता. आवाज ऐकायचा. इंजिनाचा सूर उतरत असताना एक जागा अशी येते की पुढच्या गिअरमध्ये ट्रक ज्या सुराने चालणार, तोच सूर कानावर पडतो. तो सूर आधीच माहीत असावा लागतो, म्हणून त्यांनी मला प्रत्येक गिअरमध्ये ठराविक वेगाने बराच वेळ नुसते चालवत ठेवले. पाच गिअरचे पाच सूर पाठ झाल्यावर हात आपोआप त्यांची वाट पाहू लागला.

वर चढताना वाट पाहावी लागते. खाली उतरताना मात्र ती सोय नाही. खालच्या गिअरमध्ये त्याच वेगाला इंजिनाला अधिक फिरावे लागते, म्हणून क्लच दाबून दांडा न्यूट्रलमध्ये आणल्यावर क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटरला एक ठोसा द्यायचा, इंजिन आणि लेशाफ्टचा वेग हवा तेवढा वाढवायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि खालचा गिअर टाकायचा. दोन गिअरांमधले प्रमाण दीडपट असेल तर १,२०० फेऱ्यांवरून १,८०० वर जावे लागते. ट्रकचे डिझेल इंजिन एकूणच दोन-अडीच हजारांच्या टप्प्यात काम करते, त्यामुळे सहाशे फेऱ्यांची ही उडी त्याच्या दृष्टीने मोठीच. ठोसा कमी पडला तर दात घासतात, जास्त झाला तरी घासतात, पण दोन्ही आवाज वेगळे असतात आणि त्यावरून काय उणे-अधिक झाले ते कळते. गिअर पडला नाही तर दांड्यावर जोर लावायचा नाही, हा मामांचा एकच कडक नियम. पुन्हा न्यूट्रल, पुन्हा क्लच सोडून ठोसा, पुन्हा प्रयत्न. जोर लावून पाडलेला गिअर पेटीच्या आयुष्यातून काहीतरी वजा करून जातो.

रिकाम्या ट्रकवर हे जमू लागल्यावर भरलेला ट्रक दिला आणि सगळा हिशेब बदलला. सपाट रस्त्यावर भरलेला ट्रक उलट सोपा, कारण त्याचा वेग न्यूट्रलमध्ये फारसा उतरत नाही आणि वाट पाहायला सवड मिळते. चढावर मात्र न्यूट्रलमध्ये घालवलेला प्रत्येक क्षण ट्रकचा वेग खातो. इंजिनाच्या फेऱ्या योग्य जागी येईपर्यंत रस्त्यावरचा वेगच इतका कमी झालेला असतो की तो गिअर उपयोगाचा राहत नाही. म्हणून चढावर वरचा गिअर टाकण्याचा मोह टाळायचा आणि खालचा गिअर टाकायचा तर इंजिन दमण्याच्या बरेच आधी, हात चपळ ठेवून टाकायचा. एक बारकावा मला तेथे कळला: चढावर खालच्या गिअरसाठी ठोसा कमी लागतो, कारण न्यूट्रलच्या त्या क्षणात ट्रकने वेग गमावलेला असतो आणि जुळवायचे अंतर आपोआप घटते.

उताराचा धडा त्यांनी ट्रक बाजूला उभा करून, तोंडी दिला. ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असतास त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, आणि तो गिअर उतार सुरू होण्यापूर्वी टाकायचा. उताराच्या मध्यावर न्यूट्रलमध्ये आणलेला भरलेला ट्रक झपाट्याने वेग घेतो. खालच्या गिअरला लागणाऱ्या फेऱ्या इंजिन देऊ शकत नाही इतका तो वेग वाढला की कोणताच गिअर पडत नाही, इंजिनाची रोध शक्ती हातची जाते आणि सगळा भार तापणाऱ्या ब्रेकवर येतो. ब्रेक अति तापले की त्यांची पकड उतरते, हे सगळ्याच वाहनांना लागू आहे. सोळा टनांच्या वाहनाला ते जास्त कठोरपणे लागू आहे. मोटारीत उतारावर गिअर कमी करणे ही सवय असते, ट्रकमध्ये तो आधीच घेऊन ठेवायचा निर्णय असतो.

ट्रकवर हात बसल्यानंतर मी ज्या मोटारीत बसलो ती पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ होती. ही दोन आसनी, मागच्या चाकांना ओढ असलेली, उघड्या टपाची छोटी गाडी १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात जगापुढे आली. तिच्या गिअरबॉक्सची ख्याती आखूड फेकीसाठी आहे. मनगट हलले की काम झाले. माझ्या पहिल्या यादीच्या निकषाने ती कधीही पहिली आली असती. पण ट्रकनंतर मला तिच्यात आणखी काही सापडले. तिच्या पाच गिअरची प्रमाणे ३.१३६, १.८८८, १.३३, १ आणि ०.८१४ अशी आहेत. तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना १.८८८ ला १.३३ ने भागायचे, म्हणजे फेऱ्या १.४२ पट व्हायला हव्यात. ३,००० वर असाल तर ४,२६० च्या आसपास. मी हे गणित घरी करून ठेवले आणि रस्त्यावर कानाने पडताळून पाहिले. क्लच दाबलेला असतानाच टाच अ‍ॅक्सिलरेटरवर किंचित टेकवून फेऱ्या तेवढ्या वाढवल्या की क्लच सुटताना गाडी जराही पुढे झुकत नाही, मागच्या चाकांना हिसका बसत नाही आणि वळणात शिरताना तोल ढळत नाही. डबल क्लच मारून गिअर टाकला तर आणखी एक गोष्ट घडते: दांड्याला सिंक्रोमेशच्या कड्याचा जो हलका विरोध नेहमी जाणवतो तो नाहीसा होतो आणि दांडा आत ओढून घेतल्यासारखा जागेवर बसतो. इतकी वर्षे ते कडे माझ्या वतीने किती काम करत होते, ते त्या विरोधाच्या अभावाने कळले. अर्थात सुस्थितीतल्या सिंक्रोमेशच्या गाडीत डबल क्लचची काही गरज नसते. मी तो मारतो तो आवडीपोटी, आणि सोबत बसलेल्यांनी त्याबद्दल हसावे हेही योग्यच आहे.

होंडा एस२००० मला थोडा वेळच चालवायला मिळाली. १९९९ ते २००९ या काळात ती तयार होत होती. सुरुवातीच्या गाड्यांचे १,९९७ सीसीचे इंजिन ९,००० फेऱ्यांपर्यंत जाते आणि सहा हजारांच्या आसपास झडपांची उघडझाप बदलून त्याचा आवाजच पालटतो. तिचा सहा गिअरचा दांडा मी हाताळलेल्यांपैकी सर्वांत नेमका आहे. प्रत्येक गिअर बंदुकीच्या खटक्यासारखा बसतो. तरीही ती माझ्या यादीत पहिल्या तिनांत नाही. तिच्या इंजिनाचा खरा जोर इतका वर आहे की रोजच्या वेगात गिअर बदलून हाताला समाधान मिळते पण इंजिनाला त्याची पर्वा नसते. मला हे दोघे एकमेकांवर अवलंबून असलेले आवडतात.

ट्रकच्या शिक्षणाची पुढची पायरी होती अमेरिकी बांधणीचा ट्रॅक्टर-ट्रेलर आणि त्यातली दहा गिअरची ईटन फुलर गिअरबॉक्स. एका प्रशिक्षण आवारात ती चालवायला मिळाली. येथे दहा गिअरसाठी दांड्याच्या दहा जागा नसतात. पाच जागाच दोनदा वापरायच्या: खालच्या पल्ल्यात पाचही गिअर घेऊन झाले की दांड्याच्या मुठीवरची कळ वर करायची, दांडा न्यूट्रलमधून जाताना मुख्य गिअरबॉक्सच्या मागे जोडलेली दुसरी पेटी हवेच्या दाबाने पल्ला बदलते आणि पुन्हा पहिल्याच जागेवर येऊन सहावा गिअर सुरू होतो. कळ आधी वर करून ठेवायची असते, दांडा हलवल्यानंतर नव्हे. मुख्य पेटीतले गिअर येथेही सिंक्रोमेशविनाच पडतात, मात्र गिअरांमधली अंतरे कमी असल्याने प्रत्येक बदलाला फेऱ्या सुमारे चारशेनेच उतराव्या लागतात. क्लचचे पेडल अगदी तळाला दाबले की क्लच ब्रेक नावाची तबकडी आतला शाफ्ट थांबवते. ती फक्त उभ्या ट्रकला पहिला गिअर टाकताना वापरायची, चालत्या ट्रकमध्ये पेडल तेवढे खाली न्यायचेच नाही. जुने चालक तर उभे राहणे आणि निघणे सोडल्यास क्लचला हात, म्हणजे पाय, लावत नाहीत. दात मोकळे होतील इतका अ‍ॅक्सिलरेटर ढिला करून दांडा काढतात आणि वेग जुळला की तसाच पुढे सरकवतात. मला ते रिकाम्या ट्रेलरवर जमले आणि त्या वेळी मामांचे पाच सूर मनात होते. प्रशिक्षकाचे म्हणणे असे होते की परीक्षेत मात्र डबल क्लचच दाखवावा, आणि शिकण्याचा क्रम म्हणून ते मला पटते.

अलीकडच्या हाताच्या गिअरच्या गाड्यांत माझे मन कमी रमते, याचे कारण दांड्यात नसून थ्रॉटलमध्ये आहे. अ‍ॅक्सिलरेटर आता केबलऐवजी तारांमधून जाणाऱ्या संदेशाने चालतो आणि प्रदूषणाच्या मर्यादा सांभाळण्यासाठी अनेक गाड्यांत पाय काढल्यानंतरही फेऱ्या लगेच उतरू दिल्या जात नाहीत. वरचा गिअर टाकायची वेळ होते तेव्हा इंजिन अजून वरच तरंगत असते. कानाने सूर धरून क्लच सोडणाऱ्याला ही फसवणूक वाटते. घाई करावी तर गाडी धक्का देते आणि थांबावे तर ताल तुटतो. याच्या उलट बाजूची सोयही आता मिळते. खालचा गिअर टाकताना फेऱ्या आपोआप जुळवून देणारी यंत्रणा निसानच्या ३७० झेडमध्ये २००९ च्या सुमारास आली आणि पुढे इतर गाड्यांतही पसरली. अशी एक गाडी मी चालवली. दांडा दुसऱ्याकडे वळला की इंजिन माझ्या टाचेपेक्षा अधिक अचूक उसळत होते आणि एकही हिसका जाणवत नव्हता. थोड्या वेळाने मी ती कळ दाबून बंद केली. तिच्यात दोष काही नव्हता, फक्त कानाला काम उरले नव्हते.

आताच्या यादीत तो बिननावाचा पाच गिअरचा ट्रक पहिला आहे, विलीज जीप दुसरी आणि एमएक्स-५ तिसरी. अमेरिकी ट्रॅक्टर-ट्रेलर चौथ्या जागी ठेवतो, कारण तो अजून माझ्या हाताचा झालेला नाही. आवारात चालवणे आणि भर रस्त्यावर चाळीस टनांसह चालवणे यांत फार अंतर आहे. पाचव्या जागेसाठी एस२००० आणि मारुती ८०० यांच्यात माझ्या मित्रांशी वाद होतो. ते अर्थातच होंडाच्या बाजूचे. मी मारुतीला ती जागा देतो, कारण कोणी क्लच शिकवा म्हणाले तर आजही मी त्यांना केबलच्या क्लचची, हलकी आणि अल्प ताकदीची अशीच एखादी जुनी गाडी शोधायला सांगतो, आणि सुरुवातीला अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावू देत नाही.